दिव्यांग व्यक्तींसाठीच्या सेवांचा समन्वयक: करिअर म्हणून हे काम कसं आहे?

तुम्ही विचारलंय की मानसशास्त्राची पदवी आहे, ऑफिसात बसून कंटाळा आलाय, लोकांना मदत करायला आवडतं, तर दिव्यांग व्यक्तींना घरी आणि घराजवळ मिळणाऱ्या सेवांचं समन्वयन करण्याच्या क्षेत्रात यावं का. मी अकरा वर्षं हेच करतोय. आधी वाईट बातमी सांगतो. ऑफिसातून सुटका नाही. निम्मा दिवस फोन, वेळापत्रकं आणि नोंदींत जातो. मदतनीस, फिजिओथेरपिस्ट, वाहनवाला, व्हीलचेअर दुरुस्त करणारा, पैसे मंजूर करणारं खातं, सगळे आपापलं काम करत असतात. घोडं अडतं ते एकाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं तिथे.

सुरुवातीला माझ्याकडे एका गृहस्थांची फाइल आली. वय ३४, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे शरीराच्या हालचालींवर परिणाम होतो ती अवस्था), बोलणं जरा अस्पष्ट, डोकं तल्लख. त्यांच्या सेवांची योजना चौदा पानी, औषधं-व्यायाम-आहार सगळं जागच्या जागी. संध्याकाळी साडेसातला घरभेटीला गेलो तर ते अंथरुणात. "बरं नाहीये का?" मी विचारलं. मदतनीस म्हणाला, "छे, माझी पाळी आठला संपते ना." म्हणजे पाळी संपण्याआधी त्यांना अंथरुणात घालून निघायचं, हे रोजचंच. उरलेली मॅच ते भिंतीपलीकडच्या टीव्हीच्या आवाजावर ऐकायचे. पाळी साडेदहापर्यंत न्यायला तीन आठवडे लागले, कारण मदतनिसाची शेवटची बस, मंजूर तास, रात्रीचा भत्ता, एक सोडवलं की दुसरं निघायचं. आणि हो, "बरं नाहीये का?" हे मी मदतनिसाकडे बघून विचारलं होतं. त्या गृहस्थांनी ते लक्षात ठेवलं आणि पुढे मला चांगलं ऐकवलं.

अर्ज करण्याआधी दोन गोष्टी वाचा. एक, दिव्यांगांच्या हक्कांबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारातलं कलम १९. कुठे राहायचं, कुणाबरोबर राहायचं, हे इतरांप्रमाणेच त्या व्यक्तीलाही निवडता यायला हवं, असं ते सांगतं. दुसरी, जागतिक आरोग्य संघटनेची समुदायाधारित पुनर्वसनाची, म्हणजे दिव्यांगांना त्यांच्या राहत्या समाजातच आधार देण्याच्या कामाची, २०१० ची मार्गदर्शिका. तिच्यातल्या तक्त्यात आरोग्य, शिक्षण, उपजीविका, सामाजिक जीवन आणि सक्षमीकरण असे पाच रकाने आहेत. त्या गृहस्थांच्या योजनेची ती चौदा पानं सगळीच्या सगळी पहिल्या रकान्यातली होती.

शिक्षणाचं म्हणाल तर मानसशास्त्र चालतं. समाजकार्य, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं स्वतः करता यावीत यासाठीचे उपचार), विशेष शिक्षण यांतूनही लोक येतात. पण माझ्या पाहण्यातले उत्तम समन्वयक आधी मदतनीस होते, किंवा स्वतः दिव्यांग आहेत. तेव्हा आणखी एखादी पदवी घेण्याआधी सहा महिने मदतनिसाचं काम करून बघा. एखाद्याला खुर्चीतून पलंगावर घेताना किती वेळ लागतो हे हाताला कळलं की पुढे कुणाला पंधरा मिनिटांची भेट लावून देणार नाही.

नोंदी लिहायची सवय आत्तापासून लावा. "आज चिडचिड केली" ही नोंद नव्हे. "गाडी ४० मिनिटं उशिरा आली, दोनदा विचारूनही कुणी कारण सांगितलं नाही, मग ते ओरडले" ही नोंद. पहिलीमुळे माणसाच्या फाइलवर शिक्का बसतो, दुसरीमुळे गाडीवाल्याला फोन जातो.

पगार बेताचा. पुढे कार्यक्रम व्यवस्थापक, प्रशिक्षक किंवा धोरणाच्या कामापर्यंत जाता येतं. थकवा मात्र खरा आहे, आणि तो बहुतेक वेळा माणसांचा नसतो, मंजुऱ्यांचा असतो.

मुलाखतीत दोन प्रश्न तुम्हीच विचारा. एका समन्वयकाकडे किती फाइली असतात? आणि सकाळी सहाला मदतनीस आलाच नाही, तर फोन कुणाला जातो? दुसऱ्यावर "आमच्याकडे असं होत नाही" असं उत्तर आलं तर चहा घ्या, आभार माना आणि दुसरीकडे अर्ज करा.