जागा रिकामी, अर्ज भरपूर, तरी माणूस मिळेना

प्रश्न : आमच्याकडे सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारं मशीन) ऑपरेटरच्या जागा कित्येक महिने रिकाम्या आहेत. अर्ज येतात, पण कामाचा माणूस सापडत नाही. पगार वाढवावा का?

उत्तर : आधी गळती कुठे होते ते पाहा. अर्जच येत नसतील तर पगार किंवा पाळीची वेळ आड येते. रुजू होऊन तीन महिन्यांत माणसं सोडून जात असतील तर दोष शॉप फ्लोअरवर शोधा. तुमच्याकडे अडचण निवडीत दिसते.

जाहिरातीत ‘पाच वर्षांचा अनुभव, प्रोग्रॅमिंग आवश्यक’ असं सरसकट लिहू नका. पहिल्या दिवशी लागतं तेवढंच मागा : ड्रॉइंग वाचणं, मायक्रोमीटरवर ०.०१ मिमीपर्यंत अचूक माप घेणं, टूल ऑफसेट देणं (टूलच्या मापानुसार मशीनमध्ये दुरुस्तीचा आकडा भरणं). प्रोग्रॅमिंग नंतर शिकवता येतं.

मुलाखतीपेक्षा अर्ध्या तासाची चाचणी घ्या. ड्रॉइंग आणि तयार जॉब (मशीनवर बनलेला भाग) हातात द्या, पाच मापं घ्यायला सांगा. त्यातलं एक मुद्दाम टॉलरन्सबाहेरचं, म्हणजे चालणाऱ्या फरकापलीकडचं ठेवा. २५ ± ०.०५ मिमीच्या जागी २५.०८. ते पकडणारा उमेदवार घ्यावा, प्रमाणपत्र नसलं तरी.

तरीही जागा उरल्या तर आपल्याच हेल्परला तयार करा. आधी लोडिंग आणि मोजमाप, मग ऑफसेट, शेवटी सेटिंग (नव्या जॉबसाठी मशीन जुळवणं). ऑफसेटमध्ये चिन्ह किंवा दशांश चुकला तर टूल जॉबवर आदळतं, म्हणून तिथे घाई नको. शिकवणाऱ्या ऑपरेटरचं उत्पादनाचं टार्गेट तेवढ्या काळापुरतं कमी करा. नाहीतर तो शिकवणार नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही.

पगार वाढवलात तर जुन्यांचाही वाढवा. नव्याला जास्त मिळतं हे कळलं की अनुभवी माणूस आधी जातो.