वाचकांचे प्रश्न : वेब सर्व्हिसचा क्लायंट आणि भरत जाणारी मेमरी

प्रश्न : उद्यमनगरात आमचे मशीन शॉप आहे. शिरोलीच्या फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर काम करून आम्ही एका मोठ्या कंपनीला माल पुरवतो. त्या कंपनीच्या वेब सर्व्हिसकडून (इंटरनेटवरून दुसऱ्या प्रोग्रामला माहिती देणाऱ्या सेवेकडून) दर ५ मिनिटांनी नवीन ऑर्डर आणणारा जावा ८ मधील प्रोग्राम आमच्या सर्व्हरवर चालतो. प्रत्येक फेरीला तो डब्ल्यूएसडीएल फाइल, म्हणजे त्या सर्व्हिसचे वर्णन, वाचून डायनॅमिक क्लायंट, म्हणजे सर्व्हिसशी बोलणारा भाग, आयत्या वेळी तयार करतो. सोमवारी सुरू केलेला प्रोग्राम बुधवारी ‘आउटऑफमेमरीएरर : मेटास्पेस’ असा संदेश देऊन बंद पडतो. हीपची (प्रोग्रामच्या डेटासाठीच्या मेमरीची) मर्यादा १ जीबीवरून ४ जीबी केली, तरी फरक पडला नाही. आता रोज रात्री तो बंद करून पुन्हा सुरू करतो. कायमचा उपाय कोणता?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मर्यादा चौपट करूनही फरक पडला नाही, यातच निम्मे निदान आहे. जावात ऑब्जेक्ट हीपमध्ये राहतात. क्लासची, म्हणजे ऑब्जेक्टच्या साच्याची, माहिती मात्र जावा ८ पासून, म्हणजे २०१४ पासून, हीपबाहेरच्या मेटास्पेसमध्ये ठेवली जाते. मेमरीची मर्यादा ठरवणारा ‘एक्सएमएक्स’ हा पर्याय केवळ हीपला लागू होतो, त्यामुळे आपला उपाय आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा झाला. संदेशातला शेवटचा शब्द वाचूनच पुढचे पाऊल टाकावे, असे मी आग्रहाने सांगेन.

मूळ कारण आपण पत्रातच लिहिले आहे. डायनॅमिक क्लायंट डब्ल्यूएसडीएल वाचून त्यातील प्रत्येक डेटा-प्रकारासाठी चालत्या प्रोग्राममध्येच नवे क्लास बनवतो आणि ते नव्या क्लासलोडरकडून, म्हणजे क्लास मेमरीत आणणाऱ्या घटकाकडून, लोड करवतो. दर ५ मिनिटांनी एक, म्हणजे दिवसाला २८८ वेळा हे घडते. फाउंड्रीत एका पॅटर्नवरून शेकडो मोल्ड काढतात. इथे प्रत्येक कास्टिंगसाठी नवा पॅटर्न बनतो आणि जुना मांडणीवर तसाच राहतो. जुन्या क्लासलोडरला एखादा थ्रेड (प्रोग्राममध्ये स्वतंत्रपणे चालणारे काम) किंवा एखादा ऑब्जेक्ट जरी धरून बसला, तरी त्याचे सगळे क्लास मेमरीत अडकून पडतात.

खात्री करणे सोपे आहे. जेडीकेसोबत (जावाच्या साधनसंचासोबत) मिळणाऱ्या ‘जेस्टॅट’ या साधनाला क्लासचे आकडे दर मिनिटाला छापायला लावावे. ‘लोडेड’चा आकडा दर पाचव्या मिनिटाला पायरी चढावी तसा वाढत असेल आणि ‘अनलोडेड’चा जागचा हलत नसेल, तर गळती हीच. रोज रात्री प्रोग्राम बंद केल्याने हा पुरावाच पुसला जातो, म्हणून एकदा त्याला बंद पडू द्यावे आणि त्या क्षणी हीप डंप, म्हणजे मेमरीची फाइलमधली प्रत, निघेल अशी सोय करून ठेवावी. ‘एक्लिप्स मेमरी अ‍ॅनालायझर’मध्ये तो डंप उघडला की ऑर्डरचा एकच क्लास, त्याच नावाने, वेगवेगळ्या क्लासलोडरखाली पुन्हा पुन्हा दिसेल.

उपाय असा की, जावा ८ च्या जेडीकेमधील ‘डब्ल्यूएसइम्पोर्ट’ने हे क्लास एकदाच तयार करून प्रोग्रामसोबत बांधावेत, प्रोग्राम सुरू होताना क्लायंट एकदा बनवावा आणि प्रत्येक फेरीला तोच वापरावा. अनेक थ्रेड एकाच वेळी सर्व्हिसला विचारणा करत असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र प्रॉक्सी (सर्व्हिसला विचारणा करणारा ऑब्जेक्ट) द्यावी, कारण प्रॉक्सी थ्रेड-सुरक्षित, म्हणजे अनेक थ्रेडनी एकदम वापरली तरी न बिघडणारी, असेलच अशी हमी जावाच्या वेब सर्व्हिस प्रमाणकात नाही. पुढे जावा ११ वर जाल तेव्हा ‘डब्ल्यूएसइम्पोर्ट’ हे साधन आणि त्यामागची लायब्ररी जेडीकेमध्ये नसेल. ती वेगळी जोडावी लागेल.

प्रश्न : ड्रॉइंगची ३० एमबीची फाइल सोप संदेशातून (वेब सर्व्हिसच्या एक्सएमएल रूपातील संदेशातून) आली की आमचा जावा ८ चा प्रोग्राम हीप संपल्याचे सांगतो. हीप ५१२ एमबी आहे. एवढी पुरायला नको का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : अशा संदेशात फाइल बेस६४ रूपात, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून, येते आणि ३० एमबीचे ४० एमबी होतात. जावा ८ मध्ये स्ट्रिंगचे (मजकुराचे) प्रत्येक अक्षर २ बाइट घेते, म्हणून तोच मजकूर ८० एमबी जागा अडवतो. त्यात उलगडलेली फाइल आणि एक्सएमएलच्या प्रती मिळवल्या, तर अशा तीन-चार फाइली एकदम आल्यावर ५१२ एमबी पुरणार नाहीत. तूर्त हीप वाढवायला हरकत नाही. समोरच्या कंपनीकडे मात्र ‘एमटॉम’ची मागणी करावी, डब्ल्यू३सी या वेबची प्रमाणके ठरवणाऱ्या संस्थेच्या २००५ च्या या प्रमाणकानुसार फाइल मूळ बायनरी रूपातच येते. आपल्या बाजूला ती आख्खी बाइट अ‍ॅरेमध्ये न घेता स्ट्रीमने थोडी थोडी वाचत थेट डिस्कवर लिहावी.