कुत्रा निवडतो कोण, सांभाळतो कोण?

(वाचकांच्या प्रश्नांना सांगलीच्या पशुवैद्यक डॉक्टरांची उत्तरं)

प्रश्न : मुलगा पुण्यात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीला येताना हस्कीचं पिल्लू आणतो म्हणतोय. घ्यायचंच तर लॅब्रॅडोर घेऊ म्हटलं, तर म्हणतो, ‘लॅब काय, सगळ्यांकडेच असतो.’ लोक कुत्र्याची जात नक्की कशावरून ठरवतात? आणि आम्ही काय करावं? – एक आई, इचलकरंजी

उत्तर : ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मुलानंच देऊन टाकलंय. सगळ्यांकडे नाही, म्हणून हवा. पुढच्या गल्लीत तीन हस्की आले की त्याला दुसरं काहीतरी हवं होईल.

दवाखान्यात नवं पिल्लू आलं की केसपेपर भरता भरता मी विचारतेच, ‘हीच जात का घेतली?’ उत्तरं ऐकण्यासारखी असतात. ‘रीलमध्ये बघितला.’ ‘बंगल्याला शोभतो.’ ‘लहानपणी आमच्याकडे अल्सेशियन होता.’ ‘धाकटीला पांढराच पाहिजे होता.’ एकानं तर नव्या गाडीच्या रंगाला जुळणारा घेतला होता, आणि हे तो अजिबात न लाजता सांगत होता. ‘आमच्या घराला हा झेपेल’ असं म्हणणारा मात्र विरळा.

ही काही आपल्याकडचीच तऱ्हा नाही. अमेरिकन केनेल क्लबच्या, म्हणजे जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, कित्येक दशकांच्या नोंदी तपासून 2013 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वभावानं चांगल्या, जास्त जगणाऱ्या, आनुवंशिक आजार कमी असलेल्या जाती त्यामुळे जास्त खपतात, असं काही त्यात दिसलं नाही. त्याच मंडळींनी पुढच्या वर्षी सिनेमांकडे मोर्चा वळवला. कुत्रा गाजलेला सिनेमा आला की त्या जातीची मागणी वाढते आणि तो परिणाम दहा-दहा वर्षं टिकतो, असं त्यांना आढळलं. आपल्याला याला अभ्यास लागत नाही. 1994 च्या ‘हम आपके हैं कौन’ या लग्नाच्या सिनेमातल्या टफी कुत्र्यानंतर दारोदारी पांढरे पॉमेरियन दिसायला लागले (खरं तर ते इंडियन स्पिट्झ, पण आपण सगळ्यांना पॉमेरियनच म्हणतो). 2003 मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एक पग लहान मुलाच्या मागं मागं चालला, आणि तोवर फारसं कुणी न पाहिलेली ती जात तालुक्याच्या गावापर्यंत पोचली.

आता हस्कीबद्दल. हा सैबेरियाच्या पार पूर्व टोकाचा कुत्रा. तिथल्या चुकची लोकांनी बर्फावरून घसरगाडी ओढायला तो तयार केला. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, आतली दाट लोकर आणि वरचे लांब केस. आपल्यासारखा अंगभर घाम कुत्र्याला येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकायच्या, हाच त्याचा मुख्य उपाय, आणि हवा दमट असली की तोही धड चालत नाही. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो तेव्हा लोक हस्कीला माझ्याकडे आणतात आणि म्हणतात, ‘मॅडम, सगळे केस काढून टाका.’ मी काढत नाही. वरचा थर त्याला उन्हापासून वाचवतो, आणि एकदा काढलेला कोट पुन्हा पहिल्यासारखा येईलच असं नाही.

बरं, एसी लावलात तरी प्रश्न सुटत नाही. ओढण्यासाठी आणि धावण्यासाठी घडलेला हा प्राणी आहे. त्याला रोज भरपूर पळवलं नाही तर तो सोफा फाडतो, फाटकाखालची माती उकरून पळून जातो. भुंकतो कमी, पण गळा काढून असा काही ओरडतो की शेजारी भांडायला येतात. वर्षातून एकदा-दोनदा आतली लोकर गळते तेव्हा केरसुणी हातातून सुटत नाही. आणि ताई, केरसुणी कोणाच्या हातात असेल? मुलगा दिवाळी संपली की पुण्याची गाडी धरणार. माझ्याकडे येणाऱ्या घरांमध्ये कुत्रा निवडतो एक आणि सांभाळतो दुसरा, बहुतेकदा दुसरी. लस द्यायला, जुलाब लागले म्हणून, गोचीड ताप आला म्हणून कुत्र्याला घेऊन येते ती आई. पिल्लू निवडणारा तेव्हा व्हिडिओ कॉलवर असतो, आणि ‘आई, त्याला नीट धर’ असं सांगत असतो.

म्हणून मुलाला एकच विचारा : दुपारी दोन वाजता कुत्र्याजवळ कोण असणार? त्याचं उत्तर ‘आई’ असेल, तर जातही आईनं ठरवायची. लॅब्रॅडोर तुम्हाला सोपा जाईल, पण तोही बिनघोर नाही. खाण्याला त्याला अंत नसतो. लॅब्रॅडोरमध्ये साधारण चारातल्या एकाला ‘पोट भरलं’ हे मेंदूला कळवणाऱ्या जनुकात बिघाड असतो, हे केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं. तो केविलवाणं तोंड करून बसला तरी चौथी चपाती टाकायची नाही. खुब्याच्या सांध्याचा त्रास या जातीत बराच असतो, त्यात वजन वाढलं की सातव्या-आठव्या वर्षी उठता-बसताना कण्हायला लागतो.


प्रश्न : कुत्रा मालकासारखा दिसतो म्हणतात, ते खरं का? की आमच्या घरच्यांनी माझी चेष्टा चालवली आहे? – बॉक्सरवाले काका, मिरज

उत्तर : काका, चेष्टा आहेच, पण तिला थोडा आधारही आहे. कॅलिफोर्नियातल्या दोन संशोधकांनी 2004 मध्ये बागेत फिरायला आलेल्या मालकांचे आणि कुत्र्यांचे वेगवेगळे फोटो काढले आणि जोड्या लावायला लोकांना दिले. शुद्ध जातीच्या 25 कुत्र्यांपैकी 16 जणांच्या जोड्या बरोबर जुळल्या. मिश्र जातीच्या कुत्र्यांच्या बाबतीत मात्र असं काही जमलं नाही. सहवासानं चेहरे सारखे होतात, असा याचा अर्थ नाही. पिल्लू पुढं कसं दिसणार हे ज्या जातीत आधीच माहीत असतं, तिथं माणूस नकळत आपल्यासारखाच निवडतो. बॉक्सरचा जबडा तुम्हाला पहिल्याच भेटीत ओळखीचा वाटला असणार.


प्रश्न : आमचा पग सहा वर्षांचा आहे. घोरतो, जिना चढला की धाप लागते. तरी आम्हा दोघांना त्याच्यावाचून करमत नाही. सोबतीला आणखी एक पगच घ्यावा म्हणतोय. सून म्हणते, ‘एवढा त्रास बघूनही तीच जात?’ – निवृत्त शिक्षिका, कराड

उत्तर : बाई, सूनबाईंचा प्रश्न बरोबर आहे, पण असं म्हणणाऱ्या तुम्ही एकट्याच नाही. इंग्लंडमध्ये पग आणि बुलडॉग बाळगणाऱ्या दोन हजारांवर लोकांना 2020 च्या एका अभ्यासात हेच विचारलं होतं. शंभरातले 93 म्हणाले, पुन्हा हीच जात घेऊ. डेन्मार्कमधल्या आणखी एका अभ्यासात दिसलं, की कुत्रा आजारी असला म्हणून मालकाची माया कमी होत नाही. उलट सेवा करावी लागते तिथं जीव जास्तच गुंततो. गोल डोळे, चपटं नाक, मोठं कपाळ असा तान्ह्या बाळाचा चेहरा समोर असतो. बघणाऱ्याचा इलाजच चालत नाही.

माझ्या टेबलावर पग आला की मी आधी त्याच्या नाकपुड्या बघते. चांगल्या पगच्या नाकपुड्या गोल, उघड्या असतात. पुष्कळांच्या तर नुसत्या उभ्या चिरा असतात, आणि श्वास आत घेताना त्याही मिटतात. टाळूचा मऊ भाग लांब होऊन घशात लोंबतो, तोच तो घोरण्याचा आवाज. मालक हसत सांगतात, ‘बघा, झोपेत कसा घोरतो!’ मला मात्र त्यात हवेसाठीची ओढाताण ऐकू येते. हिरड्या गुलाबी सोडून जांभळट दिसल्या तर तो दिवस हसण्याचा नसतो.

आहे त्याच्यासाठी एवढं करा. वजन कमी करा, बऱ्याच पगचा निम्मा त्रास तिथंच असतो. गळपट्टा काढून छातीचा पट्टा घाला. ऊन चढायच्या आत फिरवून आणा. नाकपुड्या आणि टाळू शस्त्रक्रियेनं मोकळ्या करता येतात, तेव्हा एकदा सर्जनला दाखवा. आणि दुसरा पग? माझं मत विचाराल तर नको. हट्टच असेल तर पिल्लाआधी त्याची आई बघा. दहा मिनिटं चालवा. तिला धाप लागली तर पिल्लू कितीही गोड असलं तरी हात लावू नका, कारण एकदा कडेवर घेतलं की तुम्ही रिकाम्या हातानं परत येणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.


प्रश्न : द्राक्षबागेच्या राखणीला रॉटवायलर घ्यावा का? ही जात चावरी असते का? सरकारनं तिच्यावर बंदी घातली आहे, असंही ऐकलं. – शेतकरी, तासगाव

उत्तर : मार्च 2024 मध्ये केंद्रानं राज्यांना परिपत्रक पाठवून 23 जातींना मनाई करायला सांगितलं होतं, त्यात रॉटवायलर होता. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. पण कायदा बाजूला ठेवू. अमेरिकेत अठरा हजारांवर कुत्र्यांचा अभ्यास होऊन 2022 मध्ये निष्कर्ष आले. एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं का, याचा जेमतेम नऊ टक्के भाग जातीवरून सांगता येतो. बाकीचं ज्याचं त्याचं, आणि वाढवणाऱ्याचं. जातीनं जबडा मात्र नक्की ठरतो. स्पिट्झ चावला तर टाके पडतात, रॉटवायलर चावला तर माणूस दवाखान्यात भरती होतो.

तुम्ही निवडणार, पण बागेत त्याला भाकरी घालणार गडी. दिवसभर तो साखळीला, आणि छाटणीला रोज नवी माणसं. असा बांधलेला कुत्रा कुठल्याही जातीचा असो, बिथरतो. त्यापेक्षा गावठीची दोन पिल्लं घ्या, एक नर एक मादी, दोन्हींची नसबंदी करा, रेबीजची लस टोचा आणि मोकळी वाढू द्या. राखणीला पुरून उरतील. मुद्दाम पैसे टाकून मोठा कुत्रा घेतला की गावात वजन पडतं, हे मीही जाणून आहे. पण ते वजन द्राक्षाच्या कामाचं नाही.


प्रश्न : आमच्याकडे आजोबांपासून कारवानी जातीची कुत्री आहेत. नोकरीमुळं पिंपरीला फ्लॅटमध्ये जातोय, दोन वर्षांची कुत्री बरोबर नेणार. सोसायटीतले मित्र फोटो बघून म्हणाले, ‘हा हडकुळा कुठून उचलला?’ फ्लॅटमध्ये राहील का ती? – एक वाचक, जत

उत्तर : इतक्या पत्रांत तुमचं एकच असं, की जिथं कुत्र्याची जात कोणी निवडलेलीच नाही, ती घराबरोबर आली. मला हे पत्र वाचून फार बरं वाटलं.

मित्रांना सांगा, सीमेपलीकडं बागलकोट जिल्ह्यात ज्याला मुधोळ म्हणतात, तोच हा. 2005 मध्ये टपाल खात्यानं त्याच्यावर तिकीट काढलं. 2016 मध्ये लष्करानं त्याची पिल्लं मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणाला नेली. 2020 मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये नाव घेतल्यावर तर ज्यांना हा उपाशी वाटायचा, तेच माझ्याकडे ‘ओरिजिनल कुठं मिळेल’ म्हणून विचारत आले. टीव्हीवर आलं की हडकुळं रुबाबदार होतं. कंबरेची हाडं आणि शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं हे या अंगाचं बरोबर माप आहे. कुणी काही म्हटलं म्हणून तूप-भात घालून भरवू नका.

फ्लॅटमध्ये ती राहील, आणि लोकांना वाटतं त्याहून चांगली राहील. ही कुत्री घरात दिवसाचा बराच वेळ अंग टाकून झोपतात, उगाच भुंकत नाहीत, केस आखूड असल्यानं घाणही कमी. तिला हवा असतो तो सकाळचा एक खराखुरा पळ. पण पिंपरीत पट्टा सोडायचा नाही, ही गोष्ट मनाशी पक्की करा. ही वासावर नाही, नजरेवर शिकार करणारी जात. रस्त्यापलीकडं मांजर हललं की मधली गाडी तिला दिसत नाही. चारी बाजूंनी कुंपण असलेलं मैदान शोधा आणि तिथंच सोडा. मान डोक्यापेक्षा रुंद असल्यानं साध्या गळपट्ट्यातून ती सहज निसटते, म्हणून रुंद पट्टा किंवा छातीचा पट्टा घ्या. (जतकडं अजून कुणी सशामागं कुत्री सोडत असेल तर त्यांनाही सांगा, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे.)

आणखी एक. ती परक्याला अंगाला हात लावू देणार नाही. लिफ्टमध्ये मुलं ‘अंकल, हात लावू?’ म्हणत धावत येतील, त्यांना तुम्हीच थांबवा. ती गुरगुरली तर तिला मारू नका, कारण न गुरगुरता चावणारी कुत्री जास्त धोक्याची. गावी मोकळं अंगण होतं, तिथं लांब राहायची मुभा तिला होती. लिफ्टमध्ये ती मुभा नाही, म्हणून पहिले काही आठवडे जिन्यानं न्या, किंवा लिफ्ट रिकामी असेल तेव्हाच चढा.

महापालिकेचा परवाना काढा, रेबीजच्या लसीचं कार्ड गावाहून आठवणीनं घ्या. नसबंदी व्हायची असेल तर तिथल्या डॉक्टरांना आधीच सांगा, कारवानी आहे. या कुत्र्यांच्या अंगावर चरबी फार कमी असते, काही भुलीची औषधं त्यांना जड जातात आणि उतरायला वेळ लागतो. शहरातल्या नव्या डॉक्टरनं ही जात कधी टेबलावर घेतली नसेल, तेव्हा हे दोनदा सांगितलं तरी चालेल.