हजारो सैनिकांचा एकत्रित युद्धसराव व्हीआरमध्ये, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून दिसणाऱ्या आभासी जगात, होऊ शकतो का?

होऊ शकतो, पण निर्णय आणि समन्वय यांच्यापुरताच. मैदानी सराव त्याने टळत नाही. अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात ‘सिमनेट’ प्रकल्पात दूरदूरच्या तळांवरचे रणगाड्यांचे सिम्युलेटर जोडून सगळ्यांना एकाच आभासी रणांगणावर उतरवलं होतं. त्यात हेडसेट नव्हते, तत्त्व मात्र आजही उपयोगी आहे: प्रत्येक यंत्र आपली जागा, दिशा आणि गोळीबार एवढंच इतरांना कळवतं, दृश्य स्वतःच तयार करतं, म्हणून संख्या वाढवता येते. माझ्या मते खरा फायदा सरावानंतर मिळतो. सगळं नोंदलेलं असल्याने कोण कुठे चुकलं हे शत्रूच्या नजरेतूनही पाहता येतं आणि तीच चकमक लगेच पुन्हा लढता येते. १९९१ च्या आखाती युद्धातली ‘७३ ईस्टिंग’ची लढाई नंतर अशीच संगणकावर तपशीलवार उभी केली गेली. मात्र पाठीवरचं ओझं, उकाडा, जागरण, चिखलात रुतलेली गाडी, वेळेवर न पोहोचलेलं इंधन हे हेडसेटमध्ये अनुभवता येत नाही आणि काहींना त्यात मळमळतंही. म्हणून रणगाडा किंवा विमानाच्या चालकदलाला हे तंत्र जितकं उपयोगी पडतं, तितकं पायदळाला अजून पडत नाही.