दात उघडण्याआधी

प्रिय डॉक्टर,

आरसीटी (रूट कॅनाल) आपण करायची की एंडोडोंटिस्टकडे, म्हणजे रूट कॅनालच्या तज्ज्ञाकडे पाठवायची, हे दाताला बर (ड्रिलचं टोक) लावण्याआधी ठरव. एकदा चेंबरचा (दातातल्या नसेच्या पोकळीचा) तळ खरवडला की तोच दात पुढच्या डॉक्टरला दुप्पट अवघड जातो. आणि तासभर आ वासून बसलेल्या पेशंटला 'आता दुसरीकडे जा' सांगणं तुलाच जड जाईल.

त्याआधी किडलेला भाग काढल्यावर क्राउनला (कॅपला) धरायला दीड-दोन मिलिमीटर चांगला दात उरतोय का, ते बघ. नसेल उरत, तर पाठवून तरी काय करणार?

आयओपीए (दाताचा छोटा एक्स-रे) एकच काढून भागत नाही, दुसरा जरा तिरक्या अँगलने घे. खालच्या पहिल्या प्रीमोलरमध्ये (सुळ्यामागच्या छोट्या दाढेत) कॅनाल (मुळातली नळी) वर ठसठशीत दिसतो आणि मुळाच्या मध्यावर एकदम गायब होतो. तो बंद झाला असं समजू नकोस. बहुतेक वेळा तिथे त्याला फाटे फुटलेले असतात. नवे डॉक्टर मोलरला (मोठ्या दाढेला) घाबरतात आणि या दाताला सोपा समजतात. माझ्या मते फसवा हाच. वरच्या पहिल्या मोलरला एमबी-टू (गालाकडच्या पुढच्या मुळातला दुसरा कॅनाल) आहेच असं धरून चाल. खालच्या दुसऱ्या मोलरची मुळं एकमेकांना चिकटून शंकूसारखी दिसली, तर सी-शेपची (इंग्रजी C सारख्या कॅनालची) शंका घे. तीस अंशांपेक्षा जास्त वाकलेलं मूळ, आधी कुणीतरी केलेली आरसीटी, आतला पोस्ट (मुळात बसवलेली दांडी), रिझॉर्प्शन (दात विरघळत जाणं), उघडा अपेक्स (मुळाचं न मिटलेलं टोक), हे सगळं सध्या सरळ पाठव. अमेरिकन असोसिएशन ऑफ एंडोडोंटिस्ट्सचा केस किती अवघड हे ठरवायचा फॉर्म आहे, तो छापून टेबलावर ठेव.

कधी दात सोपा असतो, तोंड अवघड असतं. गुटखा खाणाऱ्याला त्याचीच तीन बोटं उभी तोंडात घालायला सांग. दोनच गेली, तर 37 पर्यंत (खालच्या डाव्या दुसऱ्या मोलरपर्यंत) हँडपीस पोचणार नाही, 21 मिलिमीटरची फाइलही (कॅनाल साफ करायची बारीक सुई) अडेल. गालाची आतली बाजू पांढरी पडलीय का, हेही त्याच वेळी बघ. पडली असेल, तर दाताआधी त्याला ओरल सर्जनकडे पाठवावं लागेल. आणि रबर डॅम (दात वेगळा ठेवणारा रबरी पडदा) लावताच येत नसेल, तर हायपोक्लोराइटची (कॅनाल धुवायच्या जंतुनाशकाची) सिरिंज हातात घेऊ नकोस.

पेशंट ठणक्याने कळवळत आला आणि एंडोडोंटिस्ट चार दिवसांनी येणार असेल, तर त्याला तसाच परत पाठवू नकोस. मोलर असेल आणि नस जिवंत असेल, तर भूल देऊन चेंबरमधला पल्प (नसेचा भाग) काढ, घट्ट टेम्पररी फिलिंग भर आणि थांब. बहुतेकांचा ठणका तेवढ्याने उतरतो. कॅनालमध्ये 'जरा बघू' म्हणून फाइल घालायचा मोह होईल. तो आवर.

सोबत चिठ्ठी दे: दाताचा नंबर, तक्रार, काय केलं, कुठे थांबलीस, दोन्ही एक्स-रे. क्राउन कोण करणार, तेही त्यातच लिही. नाहीतर ठणका थांबलेला पेशंट सहा महिने टेम्पररीवरच जेवत राहतो आणि मग दाताचे दोन तुकडे घेऊन तुझ्याकडे येतो.

तुझा,
सर