कंपनीचा आयपॅड संगणकावरून रिस्टोर केल्यास तो गुन्हा ठरतो का?

प्रश्न : राजीनाम्यानंतर कंपनीचा आयपॅड परत करण्यापूर्वी त्यावर अपडेट चालू असतानाच चार्ज संपला आणि पडद्यावर केबल व संगणकाचे चित्र दाखवून तो तिथेच अडकला. मी तो घरच्या संगणकाला जोडून रिस्टोर केला आणि जमा केला. आता कंपनीच्या वकिलांची नोटीस आली आहे. मी ग्राहकांची माहिती हेतुपुरस्सर नष्ट केली, आयपॅड माझ्या खात्यामुळे लॉक होऊन निरुपयोगी झाला आणि भरपाई न दिल्यास फौजदारी तक्रार होईल, असे तिच्यात म्हटले आहे. मी गुन्हा केला आहे का? पैसे द्यावेत का?

उत्तर : आपण सांगितलेली हकीकत खरी धरल्यास गुन्हा सिद्ध होणे अवघड आहे आणि मागितलेली रक्कम तडकाफडकी देण्याचे कारण नाही, तथापि नोटिशीकडे दुर्लक्ष करणेही योग्य होणार नाही.

माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 43 नुसार, मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीवाचून संगणकातील माहिती नष्ट करणारा भरपाईस पात्र ठरतो. टॅबलेट हा 'संगणक' या व्याख्येत येतो, त्यामुळे त्या मुद्द्यावर वाद घालू नये. हीच कृती अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केली असेल तरच कलम 66 लागू होते. त्यास 3 वर्षांपर्यंत कारावास, 5 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. हा गुन्हा दखलपात्र असला तरी जामीनपात्र आहे. एखाद्याला गैरलाभ किंवा दुसऱ्याला गैरहानी व्हावी असा उद्देश असणे म्हणजे कायद्याच्या भाषेत अप्रामाणिकपणा. बंद पडलेले उपकरण चालू करून परत देण्याच्या धडपडीत तो सहसा आढळत नाही.

कंपनीची बाजू जिथे बळकट आहे, ती जागाही पाहिली पाहिजे. अशा स्थितीत संगणक 'अपडेट' आणि 'रिस्टोर' असे दोन पर्याय देतो. पहिल्यात आतील माहिती राखून प्रणाली पुन्हा बसवण्याचा प्रयत्न होतो, तर दुसऱ्यात सर्व काही पुसले जाते आणि तशी सूचनाही आधी मिळते. त्यामुळे 'माहिती जाईल हे ठाऊक नव्हते' असा पवित्रा घेऊ नये. आधी 'अपडेट' करून पाहिले होते का आणि ते का जमले नाही, हे खरे तेच लिहावे. परिणामाची जाणीव असणे आणि हानीचा उद्देश असणे या भिन्न गोष्टी आहेत, आणि फौजदारी बचाव याच फरकावर उभा राहील.

या बचावाचा पुरावा बहुधा आपल्याच संगणकात आहे. रिस्टोरच्या प्रक्रियेची नोंद संगणक स्वतंत्र लॉग फाइलमध्ये ठेवतो. मॅकवर ती वापरकर्त्याच्या लायब्ररीतील 'लॉग्ज' या फोल्डरमध्ये सापडते. आयपॅड कोणत्या अवस्थेत जोडला गेला, हे तिच्यावरून कळू शकते. म्हणून तो संगणक फॉरमॅट करू नये आणि 'साफसफाई' करणारी सॉफ्टवेअरे चालवू नयेत. ही फाइल न्यायालयात दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागेल. फर्मवेअर (आयपॅडची मूळ प्रणाली) डाउनलोड होण्यास 15 मिनिटांहून अधिक वेळ लागला, तर आयपॅड त्या पडद्यावरून बाहेर पडतो आणि बटणे दाबून त्याला पुन्हा तिथे आणावे लागते. आपल्याबाबत तसे घडले असल्यास उत्तरात आवर्जून नमूद करावे, अन्यथा मुद्दाम बटणे दाबल्याचा आरोप होण्यास वाव राहतो.

दिवाणी जबाबदारीचा प्रश्न मात्र वेगळा आहे, कारण कलम 43 मध्ये अप्रामाणिक उद्देशाची अट नाही. तिथे सारी भिस्त परवानगीवर आहे. नेमणूक पत्र आणि उपकरणे वापरण्याविषयीचे नियम वाचावेत. दुरुस्ती केवळ कंपनीच्या तांत्रिक विभागाकडूनच करावी असे त्यांत असेल, तर आपली बाजू इथे लंगडी पडते. कंपनीतील कोणी 'रिसेट करून आणून द्या' असे ईमेलने कळवले असेल, तर तो एक ईमेल बाकीच्या सगळ्या युक्तिवादांपेक्षा मोलाचा आहे.

लॉकबाबत आपली बाजू मला कमकुवत वाटते. फर्मवेअर नव्याने बसवले तरी ॲक्टिव्हेशन लॉक, म्हणजे उपकरण ॲपल खात्याशी बांधून ठेवणारे कुलूप, निघत नाही. आजच आपल्या ॲपल खात्यात वेब ब्राउझरमधून प्रवेश करून तो आयपॅड खात्यातून काढावा, ते करतानाची पडद्याची चित्रे जपावीत आणि कंपनीला लेखी कळवावे. पासवर्ड मात्र कोणालाही देऊ नये. खरेदीच्या पावतीच्या आधारे कंपनीला उत्पादकाकडूनही लॉक काढून घेता आला असता, हा मुद्दा उत्तरात असावा, परंतु त्याच्या आडोशाने स्वतःची टाळाटाळ करू नये.

रकमेबाबत भारतीय करार अधिनियम, 1872 चे कलम 73 पाहावे. स्वाभाविकपणे उद्भवलेल्या किंवा करार करतानाच उभय पक्षांना संभाव्य म्हणून ठाऊक असलेल्या नुकसानाचीच भरपाई मिळते, दूरान्वयाने झालेल्या नुकसानाची नाही. शिवाय गैरसोय दूर करण्याची कोणती साधने कंपनीच्या हाती होती, हेही विचारात घ्यावे लागते. तेव्हा नेमकी कोणती माहिती गेली, तिची प्रत सर्व्हरवर किंवा क्लाउडवर होती का आणि रक्कम कशी काढली, याचा तपशील मागावा. डेटा परत मिळवून देण्याचा दावा करणाऱ्यांवर पैसे खर्च करू नयेत, कारण रिस्टोरमध्ये माहिती उलगडण्यास लागणाऱ्या सांकेतिकरणाच्या किल्ल्याच नष्ट होतात. आपल्या संगणकावर जुना बॅकअप असल्यास तो स्वतः न उघडता, तो सुपूर्द करण्याची तयारी कळवावी.

नोटिशीत दिलेल्या मुदतीत वकिलामार्फत उत्तर पाठवावे आणि त्यात 'चुकून पुसले, क्षमस्व' यासारखी वाक्ये घालू नयेत. तडजोडीची बोलणी करायचीच असतील, तर ती पुराव्यात वापरली जाणार नाहीत अशी स्पष्ट लेखी अट घालून, या उत्तरापासून वेगळ्या पत्राने करावीत.