रिकाम्या रकान्यालाही कारण हवं

अनेक आशीर्वाद.

औषधाच्या ट्रायलमध्ये (रुग्णांवरच्या चाचणीत) वापरायच्या मनगटी पट्ट्याचा आणि अ‍ॅपचा तुझा आराखडा वाचला. पडदे सुटसुटीत झालेत, रंगही डोळ्यांना खुपत नाहीत. पण दुसऱ्याच पानावर अडखळलो. रुग्णानं दोन दिवस मनगटी पट्टा घातलाच नाही, तर तुझा आलेख मधली जागा सरळ रेषेनं जोडून मोकळा होतो. फिटनेस अ‍ॅपमध्ये हे खपून जातं. ट्रायलमध्ये ती रेषा म्हणजे न घेतलेली नोंद घेतल्यासारखी दाखवणं.

पट्टा का काढला असेल? चार्जिंग संपलं, कातडीवर पुरळ आलं, रुग्णालयात भरती व्हावं लागलं, किंवा नुसता वैताग. विश्लेषण करणाऱ्याला ही चारही कारणं सारखी नसतात. औषधानं ज्यांना मळमळतं तेच नेमके नोंदी टाळत असतील, तर उरलेला डेटा औषध सगळ्यांना छान सोसतंय असंच सांगणार. म्हणून रकाना रिकामा राहिला तरी चालेल, पण तो का रिकामा आहे हे शक्य तिथे उपकरणानं स्वतः टिपावं (बॅटरी, सिंक, त्वचेशी संपर्क), आणि उरलेलं रुग्णाला एका टिचकीत सांगता यावं. पाच प्रश्नांचा फॉर्म पुढे केलास तर तोही रिकामाच येईल.

वेळेचंही तसंच. 2002 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक अभ्यास आला होता. दीर्घकाळ वेदना सोसणाऱ्या काही लोकांना कागदी डायऱ्या दिल्या आणि त्यांत प्रकाश ओळखणारा सेन्सर दडवला, म्हणजे डायरी कधी उघडली ते कळावं. कागदावरच्या तारखा-वेळा पाहता 90 टक्के नोंदी वेळेवर झालेल्या. सेन्सरच्या हिशेबानं फक्त 11 टक्के. ज्यांना वेळ आपोआप टिपणारी इलेक्ट्रॉनिक डायरी दिली होती, त्यांचं प्रमाण 94 टक्के. यावरून रुग्णांना लबाड ठरवू नकोस. मागची पानं एका बैठकीत भरून टाकायची सोय कागदानंच दिली होती. तुझं अ‍ॅप ती देणार का, हे आधी ठरव. माझं मत विचारशील तर मुदत उलटली की नोंद बंद. ते जमणारच नसेल तर घडल्याची वेळ आणि भरल्याची वेळ वेगळी ठेव. सोबत टाइम झोनही जप. लोक प्रवास करतात, फोनचं घड्याळ हातानं मागेपुढे करतात.

ऑडिट ट्रेलबद्दल, म्हणजे कुणी कधी काय बदललं याच्या नोंदीबद्दल, तू नीट लिहिलंयस. अमेरिकेचा ‘21 सीएफआर भाग 11’ हा इलेक्ट्रॉनिक नोंदींचा नियम 1997 पासून हेच सांगतो: दुरुस्ती करा, पण जुनी नोंद झाकू नका. एकच भर घाल. प्रत्येक मोजमापासोबत फर्मवेअर (पट्ट्याच्या आतलं सॉफ्टवेअर) आणि अल्गोरिदमची (मोजण्याच्या पद्धतीची) आवृत्ती साठव. ट्रायल अर्ध्यावर असताना कंपनीनं गुपचूप अपडेट सोडलं आणि पावलं मोजायची पद्धत बदलली, तर सुधारणा औषधाची की सॉफ्टवेअरची हे कुणालाच सांगता येणार नाही. जमेल तिथे कच्चा डेटाही ठेव.

पावलांवरून आठवलं, वॉकर धरून चालणाऱ्याचा हात हलत नाही, त्यामुळे मनगटावरचा पट्टा त्याची पावलं कमी मोजतो. निरोगी तरुणांवर केलेली चाचणी अशा ठिकाणी कुचकामी. पल्स ऑक्सिमीटरचंही 2020 मध्ये दिसलं: गोऱ्यांच्या तुलनेत कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ऑक्सिजनची लपलेली कमतरता जवळपास तिप्पट वेळा नजरेतून सुटत होती. ज्यांच्यावर ट्रायल आहे त्यांच्यावरच उपकरण तपासून घे.

रुग्णाला त्याचे आकडे दाखवायचे का, यावर तुझ्या टीमशी माझं बहुधा पटणार नाही. मी सहसा ‘नको’ म्हणतो. औषधानं नाडी मंदावत असेल, तर आपल्याला खरं औषध मिळतंय की प्लासिबो (औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी) हे तो आकड्यावरून ताडेल, आणि ब्लाइंडिंग, म्हणजे कुणाला काय मिळतंय हे लपवून ठेवणं, तिथेच संपलं.

राहता राहिला अलर्ट. रात्री दोन वाजता नाडी 140 आली, तर ती कोण पाहणार? आराखड्यात ‘सूचना पाठवली जाईल’ एवढंच आहे. कुणाला, किती वेळात, आणि त्यानं पाहिली नाही तर पुढे कुणाला, हे प्रोटोकॉलमध्ये (ट्रायलच्या लेखी कार्यपद्धतीत) लिहून घे. रात्री पाहणारं कुणी नसेल, तर तसं संमतीपत्रात आणि अ‍ॅपच्या पहिल्या पडद्यावर ठळक लिही, खाली तातडीचा फोन नंबर दे. नाहीतर रुग्ण अंगावर पट्टा आहे म्हणून निश्चिंत झोपेल आणि डॉक्टरला फोन करायचं टाळेल.

पुढचा मसुदा मला पाठवण्याआधी एखाद्या ट्रायल कोऑर्डिनेटरला दाखव. पट्टे हरवले, पासवर्ड विसरले, की फोन तिलाच येतात.